पुसलेलं पाणी

आधी आंटीचं सांगते, मग बाकीचं. कारण तिच्यामुळे मी इथे टिकले, आणि जे झालं ते माझ्या हातून झालं.

आंटी म्हणजे मेन्झात, विद्यापीठाच्या खानावळीत, भांडी धुण्याच्या मशीनच्या दुसऱ्या टोकाला उभी राहणारी बाई. घानाची. इथे येऊन तिला इतकी वर्षं झाली होती की डोक्यावरचा एकूणएक केस याच गावात पांढरा झाला, असं तीच सांगायची. पहिल्या दिवशी तिला काय म्हणून हाक मारावी ते मला सुचेना. मी नुसतीच "हॅलो, हॅलो" करत होते. शेवटी तिनेच विचारलं, "तुमच्याकडे मोठ्या बाईला नावाने हाक मारतात?"

मी म्हटलं, नाही.

"आमच्याकडेही नाही. आंटी म्हण."

तेव्हापासून आंटी.

माझी शाळा नववीत सुटली. कोणी हाताला धरून सोडायला लावली असं नाही. कुर्डुवाडीत वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, काजं-बटणं आई करायची, आणि आईला बारीक दिसेनासं झालं. दिवाळीच्या गर्दीपुरतं महिनाभर मी दुकानात बसायचं असं ठरलं. दिवाळी झाली, मग लग्नसराई आली, आणि दप्तराचा विषय पुन्हा कोणी काढलाच नाही. मीही नाही. पुढे लग्न झालं, नवरा स्वयंपाकी, तो इथे एका हॉटेलात लागला आणि त्याच्या मागोमाग मी आले. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गहून ट्रेनने तासाभरावरचं हे गाव. विद्यापीठ आहे म्हणून गाव आहे, नाहीतर काही नाही.

मग हॉटेलच्या मालकाने धंदा गुंडाळला. घरात एकाची तरी पक्की नोकरी हवी होती, व्हिसाच्या ऑफिसातून तसं पत्रच आलं होतं. म्हणून मी मेन्झात लागले. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे त्या काळात काही चुकलं तर कारण न सांगता घरी पाठवतात. ते सहा महिने मी जेवण नुसतं गिळत होते. पोस्टाच्या पेटीत पाकीट दिसलं की उघडायच्या आधीच मी मनात सामान बांधलेलं असायचं.

भिंतीवर कामाचं वेळापत्रक लागायचं, मोठा तक्ता, चाळीस नावं. इंग्रजी अक्षरं मला येत होती, पण त्या गर्दीत आपली ओळ शोधून, आडवं जाऊन, वार आणि वेळ नीट वाचेपर्यंत मागे माणसं ताटकळायची. एकदा चुकीच्या दिवशी सुट्टी समजून घरी राहिले असते, थोडक्यात वाचले. आंटीने ते पाहिलं. पुढच्या शुक्रवारपासून माझ्या ओळीखाली हिरव्या पेन्सिलची रेघ दिसायला लागली. दर शुक्रवारी. कोण मारतं, हे मला कळायला दोन महिने लागले.

आणि पाण्याचं. ते तर सांगायलाच हवं. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी ओल्या फरशीवर घसरून पडली, मनगट मोडलं. आंटीने तेव्हाच एक कापड माझ्या ॲप्रनच्या नाडीत खोचलं आणि म्हणाली, "हे बघ. पाणी दिसलं की पुसायचं. कुणी सांडलं, कशाला सांडलं, कुणाचं काम, हे सगळं नंतर. आधी पुसायचं. डोकं चालवू नकोस, हात चालव."

मी तेच केलं. इतकं केलं की घरीसुद्धा नवऱ्याच्या हातातला पेला डचमळला की माझा हात कमरेकडे जायचा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मी आंटीला घाबरायचे. तिच्या रंगाला, तिच्या मोठ्या आवाजाला, हसण्याला. आमच्याकडे मुलगी जन्मली की आधी रंग बघतात, आणि माझा बघून आत्या काय म्हणाली होती ते मला तोंडपाठ आहे. तरी मी आंटीच्या शेजारची खुर्ची सोडून एक खुर्ची पलीकडे डबा उघडायचे. गणपतीला आमची सगळी मंडळी न्युरेम्बर्गला जमतात. तिथे तीस वर्षं इथे काढलेल्या एक काकू मला म्हणाल्या, "अगं, त्या आफ्रिकन बाईबरोबर दिवसभर? जपून राहा हो." माझ्या पर्समध्ये तेव्हा आंटीने दिलेली ताप-सर्दीची गोळी होती. मी "हो काकू" म्हटलं, दुसरं काही म्हटलं नाही. हेही लिहून टाकते, म्हणजे माझ्या नावावर काय काय आहे ते कळेल.

मशीनच्या खिडकीतून समोर लाल विटांची एक इमारत दिसते. आंटी ट्रे लावता लावता तिकडे बघायची. एक दिवस मी विचारलं, तर म्हणाली, "माझा नवरा तिथे होता. दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी."

तो इथे डॉक्टरेट करायला आला होता. पुलांचं काहीतरी, लोखंड थंडीत कसं चिरतं त्याचं. आंटी मागाहून आली, इथेच मुलगी झाली. प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं लिहायची राहिली होती तेव्हा त्याला रक्ताचा आजार निघाला. आठ महिने. टाइप केलेली पानं आंटीच्या कपाटात एका खोक्यात आहेत, मी पाहिलीत. मधे मधे पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत.

"घानाला का नाही गेलीस परत?"

"तो इथे पुरलेला होता ना. त्याला एकट्याला कसा टाकून जाणार?" म्हणून तिने त्याच्या खिडकीसमोरच्या मेन्झात काम धरलं.

पण इथे कबर कायमची नसते, हे मला माहीत नव्हतं. ठरावीक वर्षांची मुदत असते, ती वाढवून घ्यावी लागते, नाहीतर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला. आंटीने एकदा वाढवून घेतली होती. दुसऱ्या वेळचं पत्र आलं तेव्हा ती आईच्या अंत्यविधीसाठी घानात अडकली होती, घर बंद. परत येऊन फुलं घेऊन गेली तर तिथे हिरवळ. तिने मला जागा दाखवली. दोन झुडपांच्या मधे नुसतं गवत, कुणीतरी नीट कापलेलं.

आणि अशातच त्या फेब्रुवारीत विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघाने कार्यक्रम ठरवला. ब्लॅक हिस्टरी मंथ. हे काय ते मला ठाऊक नव्हतं. आंटीने समजावलं, "एक महिना आमचा इतिहास साजरा करायचा. उरलेले अकरा महिने आम्ही ताटं घासायची." आणि स्वतःच खो खो हसली. पण आतून तिला बरं वाटलं होतं, ते मला दिसत होतं.

संघाची अध्यक्ष मुलगी जन्माने इथलीच, बाप सेनेगलचा, बोलणं मात्र अस्सल इथल्या गल्लीतलं. मोठ्या हॉलच्या भिंतीवर फोटो लावायचे होते त्यांना, या विद्यापीठात आजवर शिकलेल्या, शिकवलेल्या सगळ्या काळ्या माणसांचे. त्यासाठी ती यादी घेऊन मेन्झात आली. आंटीने हात पुसले, चष्मा लावला, यादीवरून बोट फिरवलं. परत वरून फिरवलं.

"माझा नवरा यात नाही."

मुलगी ओशाळली. म्हणाली, "दफ्तरात पदवी मिळालेल्यांचीच नोंद सापडली, आंटी. बाकीच्यांची..."

"मग अर्धवट राहिलेले कुठे जातात?"

मी ताटं उचलायचं थांबले. नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. हजेरीपटात माझं नाव पुढे किती दिवस राहिलं असेल आणि कुणी, कधी काट मारली असेल, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

मुलीने वाट काढली. म्हणाली, कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची आहेत, तुमच्या रीतीने. तुम्ही सगळ्यांत वडील. तुम्ही घ्या. कुठलं नाव घ्यायचं ते कुणी तुम्हाला विचारणार नाही.

पुढचे दोन आठवडे आंटी मशीनच्या आवाजात नावं पुटपुटत होती. तिचे वाडवडील, मग इथे येऊन गेलेली, इथेच संपलेली माणसं, तिच्या ओळखीची. आणि शेवटी तो. मी म्हटलं, "त्यांचं पहिलं का नाही?"

"शेवटचं नाव लोकांच्या कानात राहतं." मग आवाज खाली करून, "आमच्याकडे हे काम पुरुषाचं. आणि माझ्या चर्चमध्ये हे चालत नाही, कुणाला बोलू नकोस. पण दगड गेला, यादीत नाही. त्या भिंतींना एकदा तरी त्याचं नाव ऐकू जाऊ दे. तू समोर उभी राहा. ऐक."

मी म्हटलं, राहीन. नावं घेणार म्हणजे माइकवर वाचणार, असं मी धरून चालले होते. आणखी काय असतं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिला वाटलं असणार, हिला माहीत असेल.

त्या दिवशी दुपारी खाण्यापिण्याचं टेबल मेन्झाकडे होतं आणि त्यावर माझी नेमणूक. माझी प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे उरले होते. हॉलचा हाउसमायस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, मला बाजूला घेऊन गेला. लाकडी जमीन त्याने नुकतीच घासून पॉलिश करून घेतली होती. बोटाने जमीन दाखवत म्हणाला, "एक थेंब नको. सांडलं की लगेच पुसायचं. कळलं? तुमची जबाबदारी." बाहेर बर्फ, लोकांच्या बुटांना चिकटून आत येणारं पाणी. मी दारापासून टेबलापर्यंत वाकून वाकून नुसती पुसत होते.

व्यासपीठाजवळ मुलांनी एक मोठी कुंडी आणून ठेवली होती. आंटी निळ्या-पिवळ्या कापडाचा पायघोळ पोशाख आणि डोक्याला तसंच कापड बांधून आली, मी तिला ओळखलंच नाही. तिने कुंडीतल्या झाडाचं पान दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे बघून फुसकन हसली. "प्लास्टिक!" त्यात हसण्यासारखं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

हॉल भरला. आमच्या ओळखीची, पुण्याहून पीएचडी करायला आलेली एक मुलगी टेबलापाशीच उभी होती. "काकू, समोसे तुमच्या हातचे?" वगैरे चाललं होतं. तेवढ्यात पेले कमी पडले. मी खालच्या मजल्यावर पळाले. संघाच्या मुलीने आता काय होणार ते सगळ्यांना समजावून सांगितलं, ते नेमकं मी खाली असताना.

ट्रे घेऊन वर आले तर हॉल अगदी चूप. सगळी माणसं उभी, माना खाली. मधोमध आंटी, हातात पाण्याची काचेची बाटली. आणि तिच्या पायाशी, त्या चकचकीत लाकडावर, पाण्याचं हे एवढं थारोळं.

मी दारात बघितलं. हाउसमायस्टर उभा. त्याची नजर पाण्यावर.

सगळे खाली बघत होते ना, मला वाटलं, सांडलेल्या पाण्याकडेच बघतायत. आंटीचा हात थरथरला, वय झालंय, बाटली कलंडली, बिचारी एवढ्या लोकांत लाजली असेल, कुणी पुढे होत नाही. एवढं सगळं मनात यायला एक श्वास लागला असेल. त्याच श्वासात मी ट्रे ठेवला, नाडीतलं कापड ओढलं, माणसांमधून वाट काढत गेले आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागले. तिच्या बुटाखालीसुद्धा पाणी गेलं होतं. मी हळूच म्हटलं, "आंटी, पाय जरा बाजूला."

तिने पाय उचलला. तीस वर्षांची सवय तिलाही होतीच ना.

मग मागून कुणीतरी जोरात "नाइन!", म्हणजे "नको!", असं म्हणालं. मी मान वर केली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. संघाच्या मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. आंटी बाटली तिरकी धरून उभी होती, ओठ उघडे, पुढचा शब्द तोंडात. बाटलीत निम्मं पाणी होतं. ते बघितलं आणि मला कळलं. सगळं नाही, पण इतकं कळलं की हे सांडलेलं नव्हतं, आणि शेवटचं नाव अजून व्हायचं होतं.

मला उठता येईना. ओलं कापड हातात तसंच धरलेलं.

आंटीने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, हाउसमायस्टरकडे. मग ज्या कोपऱ्यातून आवाज आला तिकडे. तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्या, स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "घाबरू नका. हे असंच असतं. एकीने ओतायचं, एकीने पुसून घ्यायचं. मीच सांगितलंय तिला. पाहुण्यांसाठी पाणी ठेवलं, पाहुणे पिऊन गेले. संपलं. आता जेवा."

आणि तिने बाटलीला झाकण लावलं.

टाळ्या झाल्या. खूप झाल्या. काही लोकांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. फक्त मागे उभा असलेला एक घानाचा विद्यार्थी टाळ्या न वाजवता बुटांकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं.

टेबलाशी आले तर पुण्याची मुलगी माझ्या कानाशी आली. "काकू, काय केलंत हे? अहो, ते तर्पणासारखं होतं. जमिनीवर पाणी सोडून नावं घेतात."

"मला काय माहीत गं?"

"प्रत्येक नावाला पाणी. अजून चाललं होतं त्यांचं."

"पण ती म्हणाली ना संपलं म्हणून..."

ती म्हणाली, "काकू, तुमची नोकरी नाही का अजून कच्ची?"

हाउसमायस्टरने जाताना मला अंगठा दाखवला. "गेनाऊ. असंच पाहिजे."

बसमध्ये मला वडील आठवले. दुकानाच्या मागच्या खोलीत जेवायला बसले की ते ताटाभोवती पाणी फिरवायचे, बाजूला भाताची चार शितं काढून ठेवायचे. मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा ते पाणी फडक्याने पुसून घेतलं होतं, शहाणपणाने. आईने हातावर चापट मारली होती. "त्यांचं होऊ दे की आधी!" म्हणजे मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं असं नाही. शिकवलं होतं. आंटीच्या हातात बघून मी ओळखलं नाही, एवढंच. वडिलांच्या हातून ते देवाचं होतं, आणि तिच्या हातून सांडलेलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू व्हायच्या आधी मी तिच्यासमोर उभी राहिले. माफी मागायला जर्मन शब्द पाठ करून आले होते, ते सगळे विसरले. तिनेच तोंड उघडलं. "प्लास्टिकच्या झाडाला पाणी घातलं असतं तर माझे वाडवडील आले असते का? म्हणून जमिनीवर ओतलं. चूक माझी."

"आंटी, नाव राहिलं."

"हं."

"तू परत ओतायचं होतंस. मला हाकलून द्यायचं होतंस."

"आणि तो दारातला? आणि तुझे तीन आठवडे?" तिने ट्रे ओढला. "पाणी दिसलं की पुस, असं तुला कोण म्हणालं? मी. चांगलं शिकवलं मी तुला. फारच चांगलं शिकवलं." ती हसायला लागली. मग हसणं थांबलं आणि ती खिडकीतून लाल इमारतीकडे बघत उभी राहिली. मशीनच्या सरकत्या पट्ट्यावरून दहा-बारा ताटं तशीच पुढे गेली. मी तिच्या बाजूची उचलली.

तीन आठवड्यांनी मला पक्कं केल्याचं पत्र आलं. पाकीट मी उघडलं नाही, आंटीने उघडून वाचून दाखवलं.

त्या उन्हाळ्यात तिचे गुडघे गेले. तिने निवृत्ती घेतली आणि लेकीकडे वोल्फ्सबुर्गला राहायला गेली. जाण्याआधी मी तिच्याकडून त्याचं नाव नीट लिहून घेतलं, जुन्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला. तीन शब्दांचं आहे. तिने ते हिरव्या पेन्सिलीने लिहिलं. मी रोज एकदा मोठ्याने वाचते, जीभ वळायला. इथे लिहीत नाही. ते पहिल्यांदा कागदावर नको, त्या हॉलमध्ये व्हायला हवं.

आम्ही फोनवर आवाज पाठवतो एकमेकींना. तिचे गुडघे, माझा नवरा, आज मेन्झात काय शिजलं. या थंडीत मात्र तिचं बोलणं भरकटायला लागलं. कधी मला लेकीच्या नावाने हाक मारते. कधी विचारते, मशीन दुरुस्त झाली का, जी मशीन दोन वर्षांपूर्वीच बदलली. लेक म्हणते, डॉक्टर म्हणतात हे वाढत जाणार.

आणि मागच्या महिन्यात संघाची ती मुलगी मेन्झात आली. खूप आनंदात. त्या दिवसाचा फोटो तिने मोठा करून घेतला होता. आंटी उभी, बाटली हातात, मी गुडघ्यांवर, कापड हातात, आंटीचा हात माझ्या डोक्यावर. यंदा तोच भिंतीवर मध्यभागी लावणार आहेत. म्हणाली, "लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडलं होतं. ओतणं आणि पुसणं. यंदा पाणी मी ओतणार आहे, आंटींनी मला फोनवर शिकवलं थोडंसं. तुम्ही पुसायला याल ना? आता ती आपली परंपराच झाली."

माझ्या तोंडून "नंतर सांगते" एवढंच निघालं. आंटीने मला वाचवायला जे रचलं, ते आता भिंतीवर चढणार होतं. आणि जे खरं होतं ते माझ्या पर्समध्ये, घडी घातलेलं. खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की आंटी सगळ्यांसमोर खोटं बोलली, आणि कुणासाठी बोलली. माझ्या जर्मनमध्ये. इतक्या शिकलेल्या माणसांत.

परवा दुपारी आंटीचा आवाज आला. स्वच्छ होता, जुन्यासारखा. "ऐक. तू तिथे होतीस ना, हॉलमध्ये? मला नीट आठवत नाहीये. सगळी नावं झाली ना? त्याचं झालं का? तू समोर होतीस, तू ऐकलं असशील."

भांड्यांच्या खोलीत मी एकटीच होते. पट्टा बंद केला. दोनदा रेकॉर्ड करून पुसलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "हो, आंटी. झालं. शेवटी झालं. सगळ्यांनी ऐकलं."

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. नुसता एक श्वास, लांब, आणि मग, "देवाची कृपा."

आंटी, मी तुला खोटं सांगितलं. ते मला खरं करायचं आहे. कार्यक्रम पुढच्या शुक्रवारी आहे. मी त्या मुलीला गाठून, अडखळत का होईना, सगळं सांगणार आहे. ती ऐकेल की रागावेल, माहीत नाही. कदाचित मला यंदा धीर होणार नाही, मी स्वतःला ओळखते. यंदा नाही झालं तर पुढच्या फेब्रुवारीत, नाही तर त्याच्या पुढच्या. पण एक दिवस मी त्या हॉलमध्ये कमरेला कापड न खोचता उभी राहीन, निम्मी राहिलेली ती बाटली भरून घेईन, आणि त्याचं तीन शब्दांचं नाव न चुकता, शेवटी, मोठ्याने घेईन. पाणी जमिनीवर पडेल. ते आपोआप वाळेपर्यंत मी तिथून हलणार नाही, आणि कुणाला पुसू देणार नाही.